आपल्यापुरतं पाणी

मावशींनी बाटलीचं झाकण फिरवलं आणि सगळं पाणी पिंपात ओतून टाकलं.

झालं ते एवढंच. लेकीला पाळणाघरात सोडून ती फाटकापर्यंत गेली होती. मग आठवलं, पातळ स्वेटर आपल्याच पिशवीत राहिला. तो द्यायला ती परत फिरली आणि मागच्या दाराने आत शिरली, कारण पुढून गेलं की लेक पुन्हा गळ्यात पडते, मग रडारड. मागचं दार मोरीशेजारच्या बोळकांडीत उघडत होतं. तिथे स्टीलचं उंच पिंप, त्याला खाली तोटी, आणि कट्ट्यावर मुलांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. मावशी एकेक बाटली उचलत होत्या, झाकण फिरवत होत्या, पिंपावर उपडी धरत होत्या. लाल, निळी, मग हत्तीची, मग बदकाची. बदकाची बाटली तिच्या लेकीची. बाटलीतलं पाणी गुळुकगुळुक आवाज करत खाली गेलं आणि दुसऱ्या पाण्यात मिसळलं. दिसलं सुद्धा नाही कुठे गेलं ते. स्वेटर हातात धरून ती उभीच राहिली. कुणीतरी भर रस्त्यात आपल्याला हाक मारावी आणि वळून पाहावं तर कुणीच ओळखीचं नसावं, तसं काहीतरी वाटलं.

"मावशी, हे काय?"

"काय काय? पाणी भरतेय." मावशींनी मान सुद्धा वळवली नाही.

"पण ती बाटली आमची—"

"तुमचीच की. कोण पळवतंय? संध्याकाळी भरून देतेच ना परत? कधी रिकामी आली का घरी?"

कधीच आली नव्हती. रोज निम्मी तरी भरलेली यायची. पोरगी पाणीच पीत नाही नीट, म्हणून तिने डॉक्टरांना सुद्धा विचारलं होतं.

"त्याचं असं आहे," मावशी आता मोकळ्या झाल्या, ओल्या हातांनी कमरेला टेकू देऊन उभ्या राहिल्या, "एक म्हणतं मला हत्तीचं पाहिजे, दुसरं म्हणतं मला बदकाचं. एकाने भोकाड पसरलं की सगळी ओळीने सुरू. म्हणून मी आपलं सगळ्यांचं एकात ओतते. कमी पडलं तर नळाचं घालते. तंटा नाही, बखेडा नाही. पोरांत कसलं आलंय माझं-तुझं?"

"कधीपासून?"

"मी आहे तेव्हापासून. का हो? काही झालं का?"

"नाही," ती म्हणाली. "स्वेटर राहिला होता."

आतून मुलांचा एकसुरी आवाज येत होता. हाताची घडी, तोंडावर बोट. तिच्या लेकीचा आवाज त्यात नव्हता. लेक अजून बोलत नव्हती म्हणावं इतकं. दोन-चार शब्द, तेही अर्धे. पण बोट मात्र बरोब्बर तोंडावर ठेवायची. प्रत्येक मूल आपल्या वेळेने बोलतं, घाई करू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तिने घाई केली नव्हती. ती फक्त रोज संध्याकाळी बाटलीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यातच लेकीच्या औषधाची पूड कालवत होती, त्यातच तिची पेज शिजवत होती. इतकं शुद्ध पाणी, ओतून कसं द्यायचं? उरलेला शेवटचा घोट सुद्धा ती चमच्याने भरवायची. पी ग माझी बाय, हे आपलं खास पाणी आहे.

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. आज ती कामावर जात नव्हती, कोर्टात जात होती, म्हणून चांगले कपडे होते अंगावर, आणि चांगल्या कपड्यांत माणूस असतं तसं ती जरा ताठ बसली होती. काचेवर कपाळ टेकवलं तर गार लागलं. मघाचा गुळुकगुळुक आवाज कानातून जाईना. गंमत म्हणजे ती काही फार मोठं रहस्य घेऊन जात नव्हती. ज्याचा खटला होता त्याचा गुन्हा शाबीत झालेला होता. त्याने स्वतःच पहिल्या दिवशी कबूल केला होता. आज फक्त शिक्षा किती, एवढंच ठरायचं होतं, आणि दया दाखवावी असं त्याच्या बाजूने सांगणारं एक माणूस वकीलबाईंना हवं होतं. अख्ख्या प्रयोगशाळेतून एकच माणूस तयार झालं, ती. तयार झाली म्हणजे नाही म्हणाली नाही. वकीलबाईंना सर्दी झाली होती, दोघी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, आणि सर्दी झालेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं तिला जड गेलं.

"तुम्ही फक्त एवढंच सांगा," वकीलबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या होत्या, "की सगळ्यांनी आपापल्या घरी सांगितलं होतं. सगळे प्रयोगशाळेतलं पाणी घरी नेत होते. म्हणजे गुपित गुपित उरलंच नव्हतं. फुटलेलंच त्यांनी फोडलं. मग शिक्षा उतरेल. कदाचित आत्तापर्यंत आत काढलेत तेवढ्या दिवसांवर सुटतील."

"आणि माझं?"

वकीलबाईंनी नाक पुसलं, रुमालाची घडी घातली. "खोटं नाही सांगत. तुमच्यावरही येऊ शकतं."

शहराच्या जुन्या भागातलं नळाचं पाणी तपासणं हे तिच्या प्रयोगशाळेचं काम. नमुने यायचे, काचेच्या भांड्यांतून फिरायचे, आणि बाहेर पडायचा तो एक आकडा. आकडा बरा असला की बाहेर जायचा, वाईट असला की आत. एकदा शिशाचा आकडा वाईट आला. पुन्हा केलं, पुन्हा वाईट. जमिनीखालचे जुने नळ झिजत होते आणि झिजून पाण्यात उतरत होते, आणि मोठ्यांना जे पचतं ते लहान मुलांच्या मेंदूत जाऊन बसतं, हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. नळ बदलायचे तर रस्ते खणावे लागतील, वर निर्णय व्हायचा आहे, तोवर बाहेर चर्चा नको, गोपनीयतेच्या कागदावर आपण सगळ्यांनी सही केली आहे हे मी आठवण म्हणून सांगतो. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून बाटल्या येऊ लागल्या. प्रयोगशाळेत काचसामान विसळायला एक यंत्र होतं, त्यातून अगदी निर्मळ पाणी थेंबथेंब पडे. त्या यंत्राखाली पहिला आला साहेबांच्या घरचा कॅन. मग बाकीच्यांना धीर आला. संध्याकाळी यंत्रापुढे रांग लागायची. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. विचारलंच तर, "काय, एवढं पाणी?" "झाडांना घालायला हो." "हो का? मी पण झाडांनाच." सगळ्या प्रयोगशाळेला एकाएकी बागकामाचा नाद लागला. एकीने तर विचारलंही होतं, तुमचं झाड केवढं झालं? दीड वर्षाचं, असं तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, आणि दोघी खूप हसल्या. आता बसमध्ये ते हसणं आठवलं. किती छान हसलो होतो आपण.

रांगेत नसायचा तो एकटा. त्याला सगळे टिपकागद म्हणत. काही सांगितलं की शोषून घ्यायचा आणि परत म्हणून काही द्यायचा नाही. ना गप्पा, ना कुचाळक्या, ना वाढदिवसाला दोन पैशांचं हसू. कुणाचा फार लाडका नव्हता. भांडी नीट विसळली नाहीत तर पुन्हा विसळायला लावायचा आणि वर नाकातल्या नाकात गुणगुणायचा. जुन्या भागातच कुणाच्या तरी माडीवर भाड्याच्या खोलीत राहायचा, मागे-पुढे कोणी नाही. एकदा तिने आपली बाटली भरता भरता विचारलं होतं, "तुम्ही नाही नेत?" त्याने हातातली परीक्षानळी उजेडाकडे धरली, डाग शोधला. "मला झाडं नाहीत," म्हणाला.

तेव्हा तिला वाटलं, बिचारा. किंवा तसं काहीच वाटलं नसेल, तिला बस गाठायची घाई असेल. पण नंतर, पेपरात बातमी आली, पोलीस आले, आणि त्याने हातातली उरलेली भांडी पुसून उपडी ठेवली आणि मगच त्यांच्याबरोबर निघाला, तेव्हापासून ते वाक्य तिच्या मनात एखाद्या कुसळासारखं रुतून बसलं होतं. आम्हाला सांगायला माणसं होती. तिने त्याच आठवड्यात ताईला फोन केला होता, बाळाला नळाचं देऊ नकोस, का ते विचारू नकोस, आणि कुणाला सांगू नकोस. ताईने जावेला सांगितलं असणार, सांगू नकोस हं कुणाला म्हणून. जावेने माहेरी. अशा सांगू-नकोस-हं च्या वाटेने ते गुपित शहरभर हिंडत होतं, पण हिंडत होतं ते नात्यानात्यातून, ओळखीओळखीतून. ज्यांची प्रयोगशाळेतल्या कुणाशी ओळख नाही ती घरं मध्येच सुटत होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. टिपकागदाला बाब्याच नव्हता. सांगावं असं घरचं कोणी नव्हतं म्हणून त्याने पेपरातून सगळ्यांनाच सांगितलं. गुन्ह्यात फरक म्हणायचा तर तेवढाच होता.

आणि इतकं करून झालं काय? खात्याने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, नमुने चुकीच्या पद्धतीने घेतले होते, पाणी उत्तम आहे. साहेबांनी कॅमेऱ्यासमोर एक ग्लास पिऊन दाखवला. कुठल्या पाण्याचा, ते तिला माहीत होतं. चार दिवस लोक उकळून प्यायले, जसं काही शिसं उकळल्याने उडून जातं, मग गॅस महागला आणि लोक विसरले.

"त्याला माफी?" नवरा म्हणाला होता. तो वाईट माणूस नव्हता. लेकीला मांडीवर घेऊन तिची नखं कापत होता, इतक्या हळुवार की ती झोपली होती. "उद्या ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचं काय बाहेर सांगायचं ते, तर कारभार चालायचा कसा? उद्या डॉक्टर रोग्यांचं बाहेर सांगेल. आज याचं कारण चांगलं होतं. परवा कुणाचं वाईट असेल. कायदा काय मनात डोकावून बघणार आहे?"

"पण त्याने वर कळवलं होतं."

"मग त्याच्या वर कळवायचं."

"तिथेही कळवलं होतं."

"मग अजून वर."

"अजून वर कोण असतं?"

"असतं की कोणीतरी." नखकात्री क्षणभर थांबली. "हे बघ, चूक-बरोबर मला कळतं. पण आपल्या पोरीला पाणी मिळतंय ना? मग तू कशाला त्या भानगडीत पडतेस? त्याने आपल्याला विचारून केलं होतं का?"

आपल्या पोरीला पाणी मिळतंय. तो म्हणाला तेव्हा तिच्यापाशी याला उत्तर नव्हतं. आता होतं, आणि ते कुणाला सांगायचं? बस थांबली. समोर कोर्टाच्या पायऱ्या. तिच्या मनात आलं, सगळ्यांनी आपापल्या घराला जपलं आणि मावशींनी एका पिंपात ते मोडून काढलं, रागाने नाही, पोरं भांडू नयेत म्हणून. आपण आणलेलं पाणी सगळ्या मुलांत थोडं थोडं वाटलं जात होतं, आणि सगळ्यांचं शिसं थोडं थोडं आपल्या पोरीत. मग आता लपवायचं तरी काय राहिलं? उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. हो, मी सांगितलं ताईला. हो, मी नेत होते, सगळे नेत होते, साहेबसुद्धा. पायऱ्या चढताना तिला एकदम हलकं वाटलं. मोठ्या तापानंतर पहिल्यांदा उठून बसल्यावर वाटतं तसं.

आतला हॉल मोठा होता आणि रिकामा. मागच्या बाकावर साहेब आणि खात्यातले दोघेतिघे. टिपकागद कठड्यामागे बसला होता. वाळला होता, केस बारीक कापले होते, त्यामुळे कान मोठे दिसत होते, पोरसवदा. तो तिच्याकडे बघत नव्हता. न्यायाधीशांच्या मेजावरच्या काचेच्या तांब्याकडे बघत होता, आणि तिला कळलं की तो डाग शोधतोय. तिच्याही पुढ्यात शिपायाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तिने तो हाताने जरा बाजूला सारला. न्यायाधीश मात्र बोलता बोलता घोट घेत होते, पुन्हा पुन्हा, घसा बसल्यासारखे.

"शिशाचा निष्कर्ष तुम्हाला माहीत होता?" वकीलबाईंनी विचारलं. सर्दी अजून होतीच.

"हो."

"प्रयोगशाळेत आणखी कुणाला?"

"सगळ्यांना."

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. ते साहेबांचं खाकरणं होतं. रजेचा अर्ज पुढे केला की ते असंच खाकरायचे, आणि ती दर वेळी, का कोण जाणे, ओशाळायची.

"सगळ्यांना माहीत होतं. मग सगळ्यांनी ते आपापल्या घरी सांगितलं होतं?"

शब्द तिच्या तोंडात तयार होते. पण त्या खाकरण्यापाठोपाठ लेकीचं मऊ, झोपलेलं बोट आलं, नखकात्री आली, घराचं भाडं आलं, ताईचं नाव आलं. ताईला बोलावतील, मग ताईच्या जावेला. आपण एक वाक्य बोलायचं आणि दोरीवरचे कपडे एकामागून एक खाली पडावेत तशी आपली सगळी माणसं.  

"इतरांचं मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुमचं सांगा. तुम्ही सांगितलं होतं का घरी?"

वकीलबाई तिच्याकडे इतक्या आशेने बघत होत्या की तिला त्यांचं लाल झालेलं नाकच फक्त दिसत होतं.

"नाही."

वकीलबाई खाली बसल्या. सरकारी वकील उठले. वयस्क, गोड बोलणारे, एखाद्या लांबच्या काकांसारखे. त्यांनी तिला अडकवायला काहीच विचारलं नाही.

"ताई, घरी कोण कोण?"

"मिस्टर. आणि मुलगी. लहान आहे."

"राहता कुठे?"

"जुन्या भागात."

"म्हणजे तेच पाणी. आणि तरी तुम्ही दिलेला शब्द पाळलात." ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, मला आणखी काही विचारायचं नाही. बचाव पक्षाने आणलेली ही साक्षीदार मीच आणायला हवी होती. घरात तान्हं मूल असलेल्या आईला जर गुपित राखता येतं, तर ज्याला मुलं नाहीत, बाळं नाहीत, त्याला का येऊ नये? सगळ्यांना माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. उघडलं ते याने. दया दाखवायची ती कुणाशी? सोसून गप्प राहिले त्यांच्याशी, की हा बोलला त्याच्याशी? राज्य चालतं ते या बाईंसारख्यांच्या जिवावर."

मागे साहेबांनी हळूच मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भरल्या सभेत तिचं कौतुक केलं होतं. कानशिलं तापली. लहानपणी दुसऱ्याच्या चित्राला आपल्या नावाने बक्षीस मिळावं आणि टाळ्या वाजत राहाव्यात, तशी ती उभी होती, आणि उतरायची पायरी सापडत नव्हती. अर्धं खरं बोललं तर निदान अर्धं तरी भलं होईल, असा तिचा कुठेतरी हिशेब होता. सगळ्यांना माहीत होतं, हे तिने दिलेलं अर्धं खरं आता फासासारखं परतून त्याच्याच गळ्यात पडलं होतं. न्यायाधीशांनी आणखी एक घोट घेतला आणि पूर्ण शिक्षा सांगितली. सूट नाही. सांगताना त्यांचा आवाज मायेचा होता.

त्याला बाहेर नेताना वाट तिच्यापुढूनच होती. हवालदार दाराची कडी काढायला थांबला, तेवढ्यात टिपकागदाने तिच्याकडे पाहिलं. आता हा काहीतरी बोलेल, शिवी दिली तर बरं, असं तिला वाटलं.

"झाड कसं आहे?" त्याने विचारलं.

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बरं आहे," ती म्हणाली.

"वाढतंय ना?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला, आणि कडी निघाली.

परत येताना बसमध्ये जागा मिळाली नाही. कडी धरून उभी राहिली, आणि प्रत्येक धक्क्याला तेच एक वाक्य तिच्या अंगावर येऊन आदळत होतं. मग झालं. वकीलबाई निघताना फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "येते," आणि शिंकल्या. तिने बाहेर पाहिलं. फुटपाथवरच्या नळावर कुणीतरी तोंड धूत होतं, कुणी ओंजळीने पीत होतं, एक बाई कडेवरच्या मुलाला पाजत होती, आधी आपल्या हाताला पाणी गार लागतं का ते बघून मग. किती काळजीने. खिडकी उघडून ओरडावं असं तिला वाटलं. काय ओरडायचं?

पाळणाघरात मुलं घरी जायच्या घाईत होती. मावशी पिंपाशीच होत्या, बाटल्या परत भरत होत्या; हत्ती झाला होता, बदक भरत होतं.

"आज लवकर?" मावशी म्हणाल्या. "आणि सकाळी तोंड का हो असं पडलं होतं? मी दिवसभर विचार करतेय. पाणी एकत्र केलं म्हणून रागावलात का?"

"नाही हो, मावशी."

"मग?" मावशींनी तोटी बंद केली. आवाज खाली आला. "तुम्ही त्या पाण्याच्याच हापिसात ना? मागे पेपरात आलं होतं ना काहीतरी, मग खोटं निघालं. माझा नातूही येतो इथे, तो बघा पिवळ्या सदऱ्यातला. खरं सांगा, होतं का त्यात काही? तुम्हाला आतलं माहीत असेल. मी नाही कुणाला सांगणार."

मी नाही कुणाला सांगणार. ती मावशींकडे बघत राहिली. इथे कठडा नव्हता, साहेब नव्हते, कुणी लिहून घेणारं नव्हतं. पिवळ्या सदऱ्यातला नातू आपल्या बुटाच्या नाडीशी झगडत होता. सांगायचं म्हटलं तर एक शब्द पुरे होता. पण सकाळी ते पिंपात ओतलं जाताना पाहिलं, तेव्हाच का नाही सांगितलं? आणि दिवसभर इथल्या पोरांनी प्यायलं ते? आणि त्याआधी इतके दिवस? प्रत्येक प्रश्न मागच्या प्रश्नाचा हात धरून उभा होता, आणि ओळ कुठे संपते ते दिसत नव्हतं. आज सांगायचं तर ती सगळी ओळच सांगावी लागणार होती.  सकाळपासून ती काही प्यायली नव्हती.

तेवढ्यात लेक आली. पायाला बिलगली नाही, रडली नाही. प्लास्टिकचा पेला तोटीखाली धरला, दोन्ही हातांनी तोटी फिरवली, भरला, थोडं सांडलं, आणि तो जड पेला सांभाळत आईपुढे आणून धरला. बोलली काहीच नाही. फक्त पेला वर केला.

तिने तो घेतला. लेकीने द्यावा आणि आपण घेऊ नये, हे तिच्याच्याने झालं नाही. मुलं पितात ते आपणही प्यावं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे, असंही वाटलं. तिने पेला तोंडाला लावला आणि न थांबता सगळा संपवला. पाणी गार होतं. चव काहीच नव्हती. तिने जिभेवर शोधली, पण नव्हती.

"हां!" मावशींनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुम्ही स्वतः पिताय म्हणजे झालं. आतल्या माणसाने प्यायल्यावर आणखी काय पाहिजे? मी उगीच आपली जिवाला घोर लावून बसले होते." आणि नातवाला हाक मारून म्हणाल्या, "ये रे, निघायच्या आधी पाणी पिऊन घे पोटभर."

लेकीने आईच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला आणि पिवळ्या सदऱ्यातल्या मुलाला दिला.